दौलतरावांचे पाठभेद

आमच्या नालवाडीतल्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, एके दिवशी चार बल्ल्या रोवल्या गेल्या, त्यांवर टिनाचे छप्पर आले आणि छपराखाली चहाची भट्टी पेटली. नव्वदीच्या दशकाचा तो प्रारंभ होता. मी शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि आता सकाळची पूजा घाईवाचून, प्रत्येक मंत्र पुरता उच्चारून करता येईल, या समाधानात होतो. टपरी सुरू होऊन आठवडाही झाला नसेल; मी अभिषेकाच्या मध्यावर असताना पलीकडून एक परका पुरुषी स्वर उठला. तो गाता गाता मध्येच गळा मोडून एकदम वर चढे, गुराख्याने टेकडीआडच्या गाईला साद घालावी तसा. आणि त्याच्यामागे कसलेसे तारवाद्य लांब मींड घेत रडे. भाषा इंग्रजी होती. पळीतले पाणी माझ्या हातात तसेच राहिले.

चहावाल्याचे नाव दौलतराव उमाटे. मूळचे कारंजा घाडग्याचे, आखातातून नुकतेच परतलेले. अंगाने किरकोळ, मिशी बारीक कातरलेली, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायांत मात्र उंच टाचेचे, टोकदार, परदेशी बूट. वर्ध्याच्या उन्हात असे बूट घालून एक मनुष्य चहा उकळतो, हेच मला प्रथम खटकले. आखातात नोकरी करून परतलेली माणसे मी पाहिली होती. ती येत तेव्हा त्यांच्याबरोबर सोन्याची साखळी येई, मोठा टीव्ही येई, आणि मागोमाग नातेवाईक येत. दौलतरावांबरोबर आले होते एक टेपरेकॉर्डर आणि कापडी पिशवीभर कॅसेटी.

"तिकडे कोणत्या कामावर होता आपण?" मी पहिल्याच भेटीत विचारले.

"काम तं सारंच केलं, गुरुजी. साखर किती टाकू?"

पुढे वर्षानुवर्षे मी हा प्रश्न निरनिराळ्या रीतीने विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तरादाखल साखरेचीच चौकशी झाली.

ती गाणी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली आहेत, एवढे मात्र ते आपण होऊन सांगत. "तिकडचे कास्तकार, ट्रकवाले, घोडेवाले गातेत हे. आपल्यावानीच हायेत लेकाचे. फक्त टोपी मोठी." गाणे ऐकवण्याची त्यांची एक पद्धत ठरलेली होती. पहिले कडवे होऊ द्यायचे. मग अंगठ्याने कळ दाबून टेप थांबवायचा, खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसायचे आणि म्हणायचे, "आता याची गोष्ट आयका." ते गाणे कोणी रचले, कोणत्या दुःखात रचले, त्या वेळी घरात कोण आजारी होते, दाराशी कोण उभे होते, हे सारे सांगून झाले की टेप पुन्हा सुरू होई. मध्येच कोणी उठत नसे. चहा उतू जाई. आमच्या कीर्तनातही आधी पद असते, मग त्या पदाचे आख्यान असते. दौलतरावांनी हा क्रम कुठून उचलला, की त्यांना तो उपजतच होता, याचा मला कधी उलगडा झाला नाही. आणि ज्याचा उलगडा होत नाही त्याकडे मी सावधपणेच पाहतो.

चातुर्मासात मी घरी पुराण सांगत असे. देवतेचे प्रत्येक स्तवन कोणत्या तरी संकटातून जन्मले आहे, कोणाची दृष्टी गेली म्हणून, कोणाला व्याधी जडली म्हणून, ही श्रद्धा आमच्या परंपरेत खोल आहे. म्हणून गाण्यामागची गोष्ट या वस्तूविषयी मला अनादर नव्हता. संशय होता तो सांगणाऱ्याविषयी.

तो संशय एका सकाळी पक्का झाला. टपरीवर स्टेशनचा एक टांगेवाला बसला होता. त्या गळा मोडणाऱ्या गाण्यावर टेप थांबवून दौलतरावांनी सांगितले की हा गायक मूळचा टांग्यासारखी गाडी हाकणारा. दुष्काळात त्याला घोडी विकावी लागली, आणि विकलेली घोडी रस्त्यात भेटली की मान वळवून पाहत असे, म्हणून त्याचा गळा असा मोडतो. टांगेवाल्याने टॉवेलने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर एक बाई बसल्या होत्या, मुलीला सासरी पोचवून परतलेल्या. गाणे तेच. या वेळी घोडी नव्हती. गायकाची एकुलती लेक लग्न होऊन दूर गेली होती आणि तिने बैलगाडीतून मान वळवून पाहिले होते.

बाई गेल्यावर मी रस्ता ओलांडला. "दौलतराव, काल हे गाणे घोडीचे होते."

"काल गिऱ्हाईक टांगेवाला होता, गुरुजी."

"म्हणजे ही कथा खोटी?"

"मान वळवून पाह्यलं थे तं खरंच हाये ना?" असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "फक्त कोनं पाह्यलं, तेवढंच बदलते."

लोकांचे संशय माझ्याहून स्थूल होते. कोणी म्हणे, हा तिकडे जाऊन बाटला. इंग्रजी भजने लावतो. हे मी दौलतरावांच्या कानावर घातले तेव्हा ते मनमोकळे हसले. "गाणं आयकून धरम बदलत असता, गुरुजी, तं तुमच्या रोजच्या घंटीनं माही बकरी संत झाली असती!" त्यांची बकरी त्या वेळी माझ्याच तुळशीकडे पाहत होती, हे नमूद केले पाहिजे.

हस्तलिखिते ताडून पाहण्याची आमची एक जुनी रीत आहे. एकाच ग्रंथाच्या दहा पोथ्या समोर ठेवायच्या. जिथे ओळी बदलत जातात तिथे नकलणाऱ्याचा हात असतो. अशा बदललेल्या ओळींना पाठभेद म्हणतात. जी ओळ कोणत्याच पोथीत बदलत नाही ती मूळची. दौलतरावांच्या गोष्टी मी ओसरीवरून वर्षांमागून वर्षे ऐकत होतो. घोडीची लेक होई, लेकीची आई होई, नदीचा रस्ता होई. परंतु त्या पिशवीत तीन-चार गाणी कैद्यांची होती, आणि त्यांच्या गोष्टींत तुरुंग आला की काहीच बदलत नसे. खिडकी इतकी उंच की आभाळ फक्त तळहाताएवढे दिसे. झोपायचे ते कुशीवर, कारण उताणे झोपावे एवढी जागा नसे. आणि काळा, बिनदुधाचा चहा एकाच मगातून हातोहात फिरत येई. शेवटच्याच्या वाट्याला चोथा उरे. ऐकणारा टांगेवाला असो की तलाठी, खिडकी तेवढीच उंच राही. दौलतराव स्वतः कोणत्याही गिऱ्हाइकाला पातेल्याच्या तळाचा चहा देत नसत. तो ते ओतून टाकत आणि पुन्हा आधण ठेवत.

मी काय समजायचे ते समजलो, आणि कोणाला बोललो नाही. परंतु त्यानंतर त्यांच्या हातचा चहा घेताना माझे मन पूर्वीसारखे निःशंक राहिले नाही.

दशकाच्या शेवटाकडे त्यांच्या मुलीचे, शोभाचे, लग्न काढले. मुलगी शांत, कामाला वाघीण; बापाच्या गोष्टी चालू असताना उतू जाणारे दूध तीच सावरत असे. स्थळ आले ते सेलूजवळच्या एका गावचे. मुलाचे वडील गोविंदराव झाडे वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारी आणणारे शेतकरी होते. मुलगा माझा विद्यार्थी. मुलाने-मुलीने एकमेकांना पाहिले, पसंती झाली. पत्रिकेचे मीच पाहिले होते. उरली होती बैठक.

त्या बैठकीला गोविंदरावांनी आपला भाचा प्रमोद याला आणले. तो बँकेत होता आणि इंग्रजी चांगले जाणत होता. पोहे झाले, चहा झाला. बोलणे जरा अडखळले तसे दौलतरावांनी, पाहुण्यांचा सत्कार म्हणून, टेप लावला. पहिले कडवे झाले. अंगठा कळीवर गेला.

"याची गोष्ट आयका, पाव्हणे. या गानाऱ्याची माय मरनाच्या दारात होती, अन् हा परदेशात—"

"पण काका," प्रमोद म्हणाला, "गाण्यात माय नाहीच. हा माणूस रविवारी मासे पकडायला चालला आहे. गळाला किडा लावतो आहे."



"मासे पकडाले गेला असंन," दौलतराव म्हणाले, "पन घरी माय तं असंन ना त्याची?"

पाहुण्यांपैकी एक जण हसला. गोविंदराव हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली, "कळवतो" म्हणाले आणि उठले. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ पोरासोरांनाही कळतो.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच माझ्याकडे आले. दाराशी भाजीची रिकामी पाटी ठेवून ओसरीवर टेकले.

"गुरुजी, गान्याचं जाऊ द्या. गानं काय, करमणूक हाये. पन बजारात लोक बोलून राह्यले का हा मानूस तिकडं जेलात गेलता. खरं का खोटं? तुमी शेजारी. तुमी एक शबद द्या, मी उद्या नारळ फोडतो."

मी विचार करून म्हटले, "गोविंदराव, 'नव्हता' असा शब्द मी देऊ शकत नाही. आणि 'होता' म्हणण्याइतके मला ठाऊकही नाही."

"म्हंजे तुमालेबी शंका हाये."

"ती मला पुष्कळ वर्षांपासून आहे."

गोविंदरावांच्या घराण्यात एक रीत होती. सोयरिकीत काही अडले की दोन्हीकडच्या बापांनी केळझरच्या गणपतीला जायचे. ज्याच्याविषयी प्रश्न असेल त्याने हातात दूर्वा घेऊन देवापुढे उत्तर द्यायचे. उत्तर मनाजोगे निघाले तर तिथेच नारळ फोडून सोयरीक पक्की करायची. नसेल तर नारळ तसाच परत न्यायचा. दोघांच्या मध्ये साक्षीला एक जण लागे. "येत्या चतुर्थीले तुमी चला," असे मला सांगून त्यांनी पाटी उचलली.

निरोप समोर पोचला. दौलतरावांनी फक्त "येतो" म्हटले. त्या दिवशी टेप वाजला नाही. दुपारी मात्र शोभा माझ्याकडे आली आणि उंबरठ्याबाहेरच उभी राहिली.

"गुरुजी, बाबाले केळझरले जाऊ देऊ नका."

"का, बाई?"

"थो चहा पेनाऱ्यायले काहीबी सांगते. देवाले खोटं नाई सांगत." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मले हे घर पसंत हाये, गुरुजी."

माझी जी शंका होती तिचे आता जवळजवळ ज्ञान झाले. एका शब्दावर या मुलीचा संसार टांगलेला होता, आणि तो शब्द उच्चारणाऱ्या माणसाने उभ्या आयुष्यात एक गोष्ट दोनदा सारखी सांगितली नव्हती. मला दोन्हीची भीती वाटली: तो खरे बोलेल याची, आणि देवापुढे खोटे बोलेल याची. कोणती भीती मोठी होती, ते मी त्या रात्री जपमाळ हाती घेऊनही ठरवू शकलो नाही.

चतुर्थीला आम्ही तिघे एसटीने केळझरला उतरलो. टेकडीच्या पायथ्याशी दौलतरावांनी ते बूट काढले. त्यांचे पाय मी प्रथमच उघडे पाहिले. गोरे, लहान मुलासारखे. दर्शनाची गर्दी थोडी ओसरू दिली. मग गोविंदरावांनी त्यांच्या ओंजळीत दूर्वांची जुडी ठेवली आणि स्वतः नारळ घेऊन बाजूला उभे राहिले.

"दौलतराव, देवापुढं एकच इचारतो. तिकडं तुमी जेलात होते का नाई?"

दौलतराव मूर्तीकडे पाहत नव्हते. ओंजळीकडे पाहत होते. मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणू लागलो होतो; ते मध्येच थांबले.

"हाव," ते म्हणाले. "होतो."

"काऊन?"

"पासपोर्ट मालकाजवळ राहे. मालकानं लय वंगाळ वागवलं, म्हनून निघून आलो. रस्त्यात पोलिसानं कागद मांगतला. कागद कुठून दाखवू?"

"चोरी?"

"नाई."

"मारामारी?"

"मारामारी जमत असती तं मालकासंगंच केली असती."

"किती दिवस?"

"एक उन्हाळा गेला अन् दुसरा लागला." त्यांनी श्वास घेतला. "आत एक फिलिपिन्सचा ट्रक डायवर होता. हे सारे गाने त्याचे. थो दिवसभर गाये. माही बोली त्याले येत नव्हती, त्याची मले येत नव्हती. गानं झालं का हातानं समजावून सांगे, हा घोडा, हे माय, हा दरवाजा. मी जे समजलो थे समजलो. मले सोडलं तवा त्यानं शिपायाले सांगून आपल्या सामानातली कॅसेटीची पिशवी मले देववली. त्याले सुटाले अजून येळ होता."

गोविंदरावांचा आवाज खाली आला. "मंग इतके वर्स सरळ काऊन नाई सांगतलं?"

"जेलातून आल्याच्या हातचा चहा कोन पेते? अन् त्याच्या पोरीले कोन पाह्यते?" दौलतरावांनी दूर्वा नीट जुळवून देवापुढे ठेवल्या. "गान्यातल्या मानसाचं सांगतलं का लोक च्यक् च्यक् करतेत. आपलं सांगतलं का उठून जातेत."

मग ते दोन्ही हात मोकळे सोडून उभे राहिले. दर्शनाला आलेली माणसे आम्हाला वळसा घालून जात होती. गोविंदराव हातातला नारळ फिरवून फिरवून पाहत होते, जणू त्यांना त्यात काही खोट शोधायची होती.

"तुमी 'नाई' म्हनले असते," ते शेवटी म्हणाले, "तं मी मानलं असतं. अन् पुढं कधी उघडं पडलं असतं, तं तुमच्या पोरीले माह्या घरात जनमभर आयकून घ्या लागलं असतं. मीच आयकवलं असतं." त्यांनी नारळाची शेंडी सोलली. "आता आनला हाये, तं परत काऊन नेऊ? उगाच ओझं."

त्यांनी नारळ दगडावर आपटला. तो फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, तरी नाही.

"द्या इकडं," दौलतराव म्हणाले. "मले दगड फोडाचा अनुभव हाये."

गोविंदराव आधी दचकले, मग इतके हसले की त्यांना कठड्याला धरावे लागले. नारळ दौलतरावांनीच फोडला, पाणी देवाला वाहिले, आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा आक्रसला. ते पाठमोरे होऊन दुपट्ट्यात तोंड लपवून उभे राहिले. मीही डोळे मिटून हात जोडले. तरीही एक गोष्ट माझ्या मनात टोचलीच, आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही: इतक्या वर्षांच्या एकाही गोष्टीत दगड फोडण्याचे नाव नव्हते. तो पाठ नवीन होता.

परतीच्या एसटीत गर्दी होती. दौलतराव कंडक्टरच्या शेजारी बसले. सेलूच्या अलीकडे मला त्यांचा आवाज ऐकू आला. कंडक्टरला ते कैदेची गोष्ट सांगत होते, या वेळी उघडपणे स्वतःचीच; पण तो फिलिपिन्सचा ड्रायव्हर आता सिंहली स्वयंपाकी झाला होता. खिडकी मात्र तेवढीच उंच होती. देवापुढे जे उच्चारले गेले तेच मी प्रमाण मानतो. बाकीच्याविषयी मी मौन धरले, आणि धरून आहे.

लग्न वैशाखात झाले. पुढे रस्ता रुंद करण्याचे काम निघाले आणि टपरी उठली. दौलतराव गावातच आत कुठे तरी राहायला गेले. माझ्या पूजेला शांतता मिळाली. मी ती मागितली होती, तरी पहिले काही महिने अभिषेक करताना माझा हात विनाकारण मध्येच थांबत असे.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते सेलूच्या आठवडी बाजारात, त्यानंतर काही वर्षांनी. गोणपाटावर वांग्यांचा ढीग होता. ढिगामागे दोन म्हातारे मांडीला मांडी लावून बसले होते. तराजू गोविंदरावांच्या हातात होता. दौलतरावांच्या हातात एकच वांगे होते, आणि समोर एक तरुण बाई पिशवी उघडी धरून उभी होती.

"हे वांगं साधं नोहे, बाई. एक सासुरवाशीन होती. माहेराहून निघताना तिनं हे बी पदराच्या गाठीत बांधून आनलं. सासूनं गाठ पाह्यली—"

ते बी वर्ध्याच्या कृषी केंद्रातून आणले असल्याचे खुद्द गोविंदरावांनीच मागे मला सांगितले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तराजूत आणखी दोन वांगी टाकली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "आयका, बाई. पुढं मोठं दुखाचं हाये."

इतक्यात दौलतरावांची नजर माझ्यावर पडली. वांगे हातात तसेच वर धरून ते माझ्याकडे पाहत राहिले, गृहपाठ न केलेला विद्यार्थी पाहतो तसे. बाई म्हणाली, "मंग? गाठ सोडली का तिनं?"

त्यांनी टोपी मागे सारली, घसा खाकरला आणि आवाज थोडा चढवून, मलाही नीट ऐकू यावे अशा बेताने, पुढे सुरुवात केली. मी छत्री मिटून तिथेच थांबलो.